मोहीपासून रिओपर्यंत

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूची कारकीर्द आपण सामान्यतः पदकांनी मोजतो. परंतु काही कारकिर्दींचे मोल पदकांच्या यादीत शोधू गेल्यास हाती लागत नाही. ललिता शिवाजी बाबर यांची कारकीर्द अशांपैकीच एक होय. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे २०१६ साली झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांचा क्रमांक दहावा आला; पण भारतीय धावपटूंच्या इतिहासात त्या दहाव्या क्रमांकाचे स्थान मोठे आहे.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही हे त्यांचे गाव. पावसाने पाठ फिरवावी आणि शेतकऱ्याने आभाळाकडे पाहत राहावे, हा या भागाचा जुना अनुभव. अशाच एका शेतकरी कुटुंबात १९८९ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत भारतीय महिलांमध्ये २०१४ पर्यंत सलग तीन वर्षे त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. याच वाटेने पुढे जाणे सोयीचे होते. पण पंचविशीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक वेगळीच शर्यत पत्करली. ती म्हणजे ३००० मीटरांची स्टीपलचेस.

या शर्यतीचे स्वरूप समजावून घेतल्यावाचून त्या निर्णयातील धाडस लक्षात यावयाचे नाही. धावपटूला एकंदर ३५ अडथळे ओलांडावे लागतात. त्यांपैकी सात अडथळ्यांच्या पलीकडे पाण्याचा खड्डा असतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची सुमारे ७६ सेंटिमीटर असते, आणि तो इतका भक्कम असतो की पाय लागला तर पडतो तो धावपटू, अडथळा नव्हे. मॅरेथॉनमध्ये श्वासाची व पावलांची जी लय साधली, ती मैलोगणती सांभाळावयाची असते. येथे तीच लय पस्तीस वेळा मोडते आणि पस्तीस वेळा नव्याने जुळवावी लागते. चिकाटी दोन्हीकडे हवीच. पण स्टीपलचेसमध्ये मोडलेले पुन्हा सावरण्याचे कसब तिच्या जोडीला लागते.

हे कसब ललिताबाईंनी आश्चर्य वाटावे अशा त्वरेने आत्मसात केले. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई खेळांत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळविले. पुढच्याच वर्षी वूहान येथे त्या आशियाई विजेत्या झाल्या आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठव्या आल्या. रिओच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ नोंदवून नवा राष्ट्रीय विक्रम केला. दोन वर्षांहून कमी काळात झालेली ही सुधारणा साडेपंधरा सेकंदांची आहे. इंचॉनच्या ललिताबाई आणि रिओच्या ललिताबाई एकत्र धावल्या असत्या, तर पहिली दुसरीच्या सुमारे ८० मीटर मागे राहिली असती!

१५ ऑगस्टला झालेल्या अंतिम शर्यतीत मात्र त्यांना ९ मिनिटे २२.७४ सेकंद लागले. पदक बरेच दूर राहिले. तथापि १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांनी चारशे मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत गाठल्यानंतर, ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचणारी भारतीय महिला पाहण्यासाठी ३२ वर्षे जावी लागली होती, हे विसरून चालणार नाही.

पुढे ललिताबाई महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी म्हणून रुजू झाल्या. २०२३ साली बुडापेस्ट येथे पारुल चौधरी यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत शर्यत पुरी करून त्यांचा विक्रम मागे टाकला. २०२४ साली पॅरिस येथे बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी पुरुषांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तेथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. मात्र भारतीय धावपटूला ऑलिंपिकची अंतिम फेरी अप्राप्य आहे, हा समज एकदा मोडला की तो पुन्हा उभा राहत नाही. माणच्या दुष्काळी मातीतून आलेल्या एका मुलीने ओलांडलेला सर्वांत उंच अडथळा कोणता असेल, तर तो हाच.