माथ्यावरचा प्लॉट

आमचे मेव्हणे अमरावतीचे. ऐन मे महिन्यात ते सहसा अकोल्यास येत नाहीत. अकोल्याचे ऊन फार, असे त्यांचे म्हणणे. (अमरावतीस जणू बर्फच पडते!) तरी दोन वर्षांपूर्वी ते भर मे महिन्यात आले, आणि चहाचा कप हाती घेण्यापूर्वीच त्यांनी एक गुळगुळीत रंगीत पत्रक आमच्यापुढे पसरले.

"भाऊजी, चिखलदऱ्याजवळ रिसॉर्ट होतंय. त्यात आपला बंगला. वर्षातून महिनाभर आपण राहायचं, अकरा महिने भाडं खायचं. इसार फक्त दोन लाख."

पत्रकावर धुके होते, निळ्याशार पाण्याचा पोहण्याचा तलाव होता आणि काठावर एक हसरे कुटुंब होते. खोटे कशाला बोलू, मला मोह पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या निसर्गकविता शिकवणाऱ्या मास्तराला स्वतःचे थोडे धुके असावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? सौभाग्यवतीने तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला.

जागा पाहायला निघालो. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा करीत गाडी घाट चढू लागली आणि हवा बदलली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले म्हणून कीचकदरा, अशी लोककथा आहे. पुढे १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबाला ही थंड जागा 'सापडली' असे इंग्रज लिहून गेले. कोरकू आणि गवळी मंडळी तेव्हा येथेच होती. पण त्यांचे राहणे हा शोध ठरत नाही.

वाटेत मोथ्याला खव्यासाठी थांबलो. तेथील गवळ्यांचा खवा प्रसिद्ध. चुलीवर कढई, शेजारी साठीच्या एक आजी. मेव्हण्यांनी मोठ्या हौसेने त्यांना पत्रक दाखवले. आजींनी त्यातल्या तलावावर बोट ठेवले.

"हे पानी कोठून आननार हायेत जी?"

मेव्हणे म्हणाले, "ते कंपनी पाहील."

"तेच तर म्हन्ते मी. उन्हाळ्यात टँकर आला का आमी गुंड घेऊन धावतो. तुमचा एक पाव्हना जेवढ्या पान्यात आंघोळ करते ना, तेवढं माह्या दोन म्हशी पेतात."

मी शिकवतो हे कळल्यावर त्या मला गुरुजी म्हणू लागल्या. "पाव्हने येऊ नये असं नाही म्हनत मी, गुरुजी. पाव्हने हायेत म्हनून खवा इकतो. नातू म्हन्ते, मले हॉटेलात नोकरी लागन. त्याले मी नाही कशी म्हनू? पन म्हशी इकून त्यानं कोनाचे ताटं उचलावे, हे काही मले पटत नाही. आन् आमाले कोनी इचारलंच नाही ना!"

पुढे गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला मात्र माझे गाव आठवत राहिले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मी वाढलो. विहीर भरलेली, पण त्या पाण्यात डाळ शिजत नसे. आई गोड्या पाण्याची घागर अशी जपायची, की इतर बायकांनी दागिने काय जपावेत! पुढे वारी भैरवगडाजवळ वान नदीवर धरण झाले आणि अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेड्यांच्या योजनेतून गोडे पाणी नळाला आले. ती वान मेळघाटातून उतरते. शहानूर आणि चंद्रभागा याच गाविलगडच्या डोंगरांतल्या. माथ्यावर पाऊस धो धो पडतो. पण काळा कातळ आणि उभे उतार, त्यामुळे पाणी तेथे ठरत नाही. वर झाडी आहे म्हणून ते जरा जिरते, जरा रेंगाळते. म्हणजे चिखलदऱ्याचे भांडण हे केवळ चिखलदऱ्याचे नाही. खाली अंजनगाव-दर्यापूरपर्यंत ज्याच्या घरी नळ आहे, तो प्रत्येकजण त्यात आहे, जरी त्याला ते ठाऊक नसले तरी.

एक गोष्ट मला विशेष बोचते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वाघासाठी जंगलातली कोहा, कुंड, बोरी ही गावे उठून खाली अकोट तालुक्यात आली. मागून आणखीही आली. ज्यांच्या पिढ्या जंगलात गेल्या त्यांना सांगितले, तुमची वस्ती जंगलाला सोसत नाही. मग आमचा बंगला कसा सोसेल? सिडकोने गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्ये ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक बांधायला घेतला, तो परवानग्यांपायी अडला, या बातम्या आपण चवीने वाचल्या. मुळशीकडे वरसगाव धरणाकाठी लवासा उभे राहिले, तेथे २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कज्जात गेली. बंगलेवाले तेव्हा कोणाच्या दारी गेले असतील?

उलट याच डोंगराच्या पायथ्याला पायविहीर आहे. तेथल्या कोरकूंनी वनहक्क कायद्याने मिळालेले उजाड रान स्वतः राखले, सीताफळे विकली, आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्याचे रंगीत पत्रक मात्र आमच्या घरी कोणी आणले नव्हते.

साइटवर एक तरतरीत तरुण भेटला. टाय लावलेला. त्याने खांबाखांबावरून आमचा बंगला दाखवला. मी आजींचाच प्रश्न विचारला.

"बोअर मारू ना, सर. नाही लागलं तर टँकर आहेतच."

टँकर! तेच टँकर, ज्यांच्यामागे मोथ्याच्या बाया गुंड घेऊन धावतात. मी खिशातले चेकबुक आत ढकलले. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले आणि पडद्यांचा विषय पुन्हा काढला नाही. मेव्हणे मात्र रुसले. "भाऊजी, तुमच्या एकट्याच्या नाहीने रिसॉर्ट थांबणार आहे का?" थांबणार नव्हते, हे मलाही कळत होते. त्यांनी इसार दिला.

परवा दिवाळीच्या फराळाला ते आले. चकली मोडता मोडता सहज म्हणाले, दुसरा हप्ता आपण थांबवला आहे. पाणी कोठून आणणार ते लेखी कळवा, असे पत्र कंपनीला पाठवले आहे. त्याला चार महिने झाले.



"उत्तर काय आलं?" सौभाग्यवतीने विचारले.

"नवं पत्रक आलं," मेव्हणे म्हणाले. "त्यात आता दोन तलाव आहेत."