'येस', 'ओके' आणि आमचे 'बरं'

(द्वितीय वर्ष, कला)

'येस' म्हणजे 'होय' असे वहीत लिहून घेतले की तो शब्द आपल्याला आला, असे आपण समजतो. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून आलेल्या आम्हा मुलांच्या घरी मात्र 'व्हय' एकच असला तरी त्याचे सूर अनेक. ठासून म्हटलेला 'व्हय' म्हणजे मान्य, लांबवलेला 'व्हयऽ?' म्हणजे शंका. पुष्कळदा तर हा शब्द लागतच नाही. 'जेवलास का?' 'जेवलो.' क्रियापदच होकार देते. लॅटिन भाषेतही 'येस'साठी ठरलेला एकच शब्द नव्हता, तेथेही क्रियापद पुन्हा उच्चारून काम भागे. तेव्हा आमच्या बोलीत काही उणे आहे असे नाही!

खरी अडचण 'ओके'ची. १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरे थट्टेने छापली, तोच हा शब्द. आज तो एस. टी. स्टँडवरही ऐकू येतो. आपण त्याचे भाषांतर 'बरं' असे करतो. स्पॅनिशमधला 'बुएनो' मुळात 'चांगला' या अर्थाचा, पण होकारालाही चालतो. आपल्या 'बरं'चेही तसेच. परंतु आमच्या वडीलधाऱ्यांचे 'बरं' म्हणजे बहुधा 'ऐकले, पुढे बोला' एवढेच असते.

माझ्या वडिलांना एका कचेरीत कर्जाचा कागद वाचून दाखवला. प्रत्येक वाक्याला वडील 'बरं' म्हणत गेले. शेवटी 'ओके ना?' असे विचारून सही घेतली गेली. कर्जातून विम्याचा हप्ताही कापून घेतल्याचे नंतर कळले, तेव्हा वडील म्हणाले, "म्या कुठं व्हय म्हनलं? म्या आपलं बरं म्हनलं!"

१८७२ च्या करार कायद्याचे तेरावे कलम सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. वडिलांनी हे कलम वाचलेले नाही, पण त्यांचे म्हणणे नेमके तेच होते. 'हे तुम्हाला मान्य आहे का?' असा सरळ प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?

नकारार्थी प्रश्नात तर उलटाच प्रकार. 'तू काल आला नाहीस ना?' याला आपण 'हो, नाही आलो' म्हणतो. इंग्रजीत तेथे 'नो' हवे. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

राहता राहिला 'ऑफ कोर्स'. कोशात त्याला 'अर्थात' म्हणतात. पण 'जत्रेला येणार का?' असे विचारल्यावर 'अर्थात!' म्हणणारा माणूस आमच्या गावात तरी सापडायचा नाही. तेथे एकच उत्तर: 'मग काय तर!'