फोन म्हणतो ‘पासवर्ड चुकीचा’; राउटर काय म्हणतो?

घरात नवा फोन आला की पहिले काम वाय-फाय जोडण्याचे. यादीतून आपल्या नेटवर्कचे नाव निवडायचे, पासवर्ड टाकायचा आणि वाट पाहायची. कधी कधी फोन थोडा वेळ घुटमळतो आणि सांगतो, ‘पासवर्ड चुकीचा आहे’. एकाने अक्षरे वाचायची, दुसऱ्याने टाकायची, असे करूनही तेच उत्तर येते. मग कुणीतरी वैतागून राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसतो आणि होते तेवढे नेटही जाते. हे टाळायचे असेल, तर पासवर्ड टाकल्यानंतरच्या क्षणभरात फोन आणि राउटर यांच्यात काय घडते ते समजून घ्यायला हवे. कारण ‘पासवर्ड चुकीचा’ हा बहुतेक वेळा फोनने बांधलेला अंदाज असतो. राउटरने तसे काही कळवलेले नसते.

पासवर्ड हवेतून जात नाही

घरोघरी सर्रास दिसणारी सुरक्षा पद्धत म्हणजे २००४ साली आलेली डब्ल्यूपीए२. तिची मदार एका अटीवर आहे. पासवर्ड फोनला आणि राउटरला, दोघांनाही ठाऊक हवा. पण तो कुणीही हवेतून पाठवायचा नाही. रेडिओ लहरी भिंतीबाहेर जातात, त्यामुळे हवेत सोडलेली गोष्ट जिन्यात उभ्या असलेल्या परक्यालाही ऐकू जाणार, हे या पद्धतीने गृहीत धरले आहे.

म्हणून फोन आधी पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून ते एका गणिती प्रक्रियेतून ४,०९६ वेळा फिरवतो. त्यातून २५६ बिटांची मुख्य किल्ली तयार होते. तीच किल्ली राउटरकडेही असते. आता दोघांमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्या निरोपात राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. फोन आपली वेगळी संख्या निवडतो आणि मुख्य किल्ली, या दोन संख्या व दोन्ही यंत्रांचे हार्डवेअर पत्ते यांच्यापासून फक्त त्या जोडणीपुरती नवी किल्ली बनवतो. दुसऱ्या निरोपात तो आपली संख्या धाडतो आणि सोबत नव्या किल्लीने काढलेली पडताळणीची खूण जोडतो. राउटर तेच गणित आपल्या बाजूने करून पाहतो. खूण जुळली की फोनला पासवर्ड माहीत आहे, हे पासवर्ड न विचारता सिद्ध होते. तिसऱ्या निरोपात राउटर स्वतःची खूण पाठवून आपणही खरे असल्याची खात्री देतो. चौथा निरोप म्हणजे फोनने दिलेली पोच.

खूण जुळलीच नाही तर? राउटर तो निरोप मुकाट टाकून देतो, पहिला निरोप पुन्हा पाठवतो, थोडा वेळ थांबतो आणि शेवटी जोडणी तोडतो. बोलणी वेळेत पुरी झाली नाहीत, यापलीकडे तो फारसे काही सांगत नाही. पासवर्ड चुकला तरी शेवट हाच आणि रेंज कमी असल्याने निरोप वाटेत हरवत राहिले तरी शेवट हाच. पडद्यावर काय लिहायचे ते फोन आपल्या समजुतीने ठरवतो.

शोध कुठून सुरू करायचा?

पडद्यावर ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असे दिसत असेल, तर पासवर्डाला हात लावू नका. चारही निरोप पार पडले आहेत. बिघाड पुढे आहे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोहोचत नाही आणि सेवा देणाऱ्याला फोन करण्यावाचून इलाज नाही. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेला नाही. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने बरेचदा काम होते.

‘पासवर्ड चुकीचा’ असेच येत असेल, तर पहिला उपाय म्हणजे फोन घेऊन राउटरच्या खोलीत जाणे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ६ सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि भिंतीत लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या असतात. त्या जास्त लांब जातात, पण त्या पट्ट्यात दाटी फार. भारतात तिथे १३ चॅनेल आहेत. एकमेकांवर न चढणारे म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच वापरले जातात आणि सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, काम करतो. राउटरजवळ गेल्यावर फोन जोडला गेला, तर दोष पासवर्डाचा नव्हता, रेंजचा होता.

तरीही अडले, तर कळफलकाकडे पाहा. पासवर्डाच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून टाकलेली अक्षरे उघडी करा. फोनने पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत घेतले आहे का? पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून चिकटवताना शेवटी रिकामी जागा आली आहे का? मराठी कळफलक चालू असेल, तर आणखी एक घोळ होतो. आपल्याला पाच म्हणजे पाचच. पण देवनागरी ५ आणि रोमन पाच ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हे आहेत. वाय-फायच्या पासवर्डात इंग्रजी कळफलकावरचीच चिन्हे चालतात, किमान ८ आणि कमाल ६३. एका चिन्हाचाही फरक पडला, तर ४,०९६ फेऱ्यांनंतर हाती येणारी किल्ली पूर्णपणे वेगळी असते. राउटरखालच्या चिकटपट्टीवर बरेचदा दोन पासवर्ड छापलेले असतात. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. इंग्रजी ओ आणि शून्य, एल आणि एक यांचीही तिथे हमखास गल्लत होते.

जुना फोन अडून बसला असेल, तर तो बहुधा साठवलेली जुनी किल्ली वापरतो आहे. राउटर बदलला आणि नेटवर्कचे नाव तेच ठेवले की हे घडते. सेटिंगमध्ये ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या पुढच्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल, तर जुना प्रिंटर किंवा स्वस्तातला स्मार्ट प्लग त्याला जोडलाच जाणार नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालणारा पर्याय निवडा. असे प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, हेही लक्षात असू द्या.

रीसेटची टाचणी सर्वांत शेवटी. बंद-चालू केल्याने सेटिंग जात नाहीत. रीसेटने मात्र सगळी जातात. सेवा देणाऱ्याने भरलेले लॉगिनही त्यात पुसले जाऊ शकते आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे

पासवर्ड हवेतून जात नसला, तरी ते चार निरोप जातात. कुणी ते टिपून घेतले, तर घरी बसून एकेक अंदाज करत खूण जुळते का, हे तो तपासू शकतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. त्या ४,०९६ फेऱ्या याचसाठी आहेत, की प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा. पण आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला १० लाखांहून अधिक अंदाज तपासता येतात. आपल्याकडे अनेक घरांत मोबाइल नंबरच पासवर्ड असतो. भारतातला दहा आकडी नंबर ६ ते ९ पैकी एकाने सुरू होतो. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. सेकंदाला १० लाख या वेगाने त्या सगळ्या ४,००० सेकंदांत, तासाभराहून थोड्या अधिक वेळात संपतात. २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने इस्रायलमधल्या तेल अवीव शहरात सुमारे ५,००० वाय-फाय नेटवर्कांची अशी परीक्षा घेतली. ७० टक्क्यांहून अधिक पासवर्ड फुटले आणि त्यांत मोबाइल नंबरांचा भरणा मोठा होता.

उपाय सोपा आहे. ७,७७६ शब्दांची यादी घ्या. पाच फाशांचे दान तितक्याच प्रकारे पडते. फासे टाकून चार शब्द निवडा आणि रोमन लिपीत सलग लिहा. त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. अनेक कार्डे एकत्र लावली तर हा काळ घटतो. पण पाचवा शब्द जोडला की तो पुन्हा हजारो पटींनी वाढतो. ‘कैरी टपाल सायकल उंबरा’ यासारखा पासवर्ड पाहुण्यांना सांगायलाही सोपा. शब्द मात्र फाशांनीच निवडा. मनाने निवडलेले शब्द ओळखायला सोपे असतात. २०१८ साली जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए३ ने ही घरबसल्या अंदाज करण्याची वाटच बंद केली आहे. तुमचा राउटर ती पद्धत देत असेल, तर ती जरूर घ्या.

एके काळी हे कुलूप किती तकलादू होते, तेही जाणून घ्यायला हवे. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकातली वेप ही पद्धत प्रत्येक निरोपासाठी २४ बिटांची बदलती संख्या वापरत असे. अशा संख्या फक्त १ कोटी ६७ लाख. वर्दळीच्या नेटवर्कवर त्या लवकरच पुन्हा पुन्हा येऊ लागत. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तिच्या मुळाशी असलेल्या आरसी४ या सांकेतिक पद्धतीतले दोष दाखवले. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी वेपची किल्ली मिनिटाच्या आत शोधून दाखवली.

उघड्या वाय-फायची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या साखळी स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांचा माग नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते आणि दुसऱ्याच कुणी त्याचा वापर केला होता. या प्रकारानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

आज संध्याकाळी थोडा वेळ काढा आणि राउटरची सेटिंग उघडा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ आहे ना, ते पाहा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून यंत्र जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि मोबाइल नंबर काढून चार-पाच शब्दांचा नवा पासवर्ड ठेवा. तो वहीत लिहून घरातल्या सगळ्यांना दाखवा. पुढच्या वेळी फोन ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणाला, तर आधी राउटरच्या खोलीत जा आणि टाचणी जागेवरच राहू द्या.