डी ड्राइव्हवर किती भरवसा ठेवावा?

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप आजही भरपूर विकले जातात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत ३२० किंवा ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क असते. घरी आणल्यावर तिचे भाग, म्हणजे पार्टिशनं, तपासायला ‘धिस पीसी’वर (विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर) राइट क्लिक करून ‘मॅनेज’ आणि मग ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथूनच शंका सुरू होतात.

‘५०० जीबी सांगितले, दिसतात ४६५. दुकानदाराने फसवलं!’
नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाईट धरतात, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त. ३२० ची डिस्क २९८ दाखवते, तेही बरोबरच.

‘हे १०० एमबीचं, ड्राइव्हचं अक्षर नसलेलं पार्टिशन फालतू आहे, उडवा.’
ते विंडोज ७ ने स्वतः बनवलेलं असतं आणि यंत्र सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. उडवलंत तर दुसऱ्या दिवशी काळा पडदा बघत बसाल. शंभर एमबीसाठी एवढी हौस कशाला?

‘पार्टिशनखाली ‘हेल्दी’ लिहिलंय, म्हणजे डिस्क ठणठणीत.’
जुन्या यंत्राच्या बाबतीत हा सगळ्यात महागात पडणारा समज. ‘हेल्दी’ एवढंच सांगतं की त्या भागाची मांडणी विंडोजला वाचता येते. चकत्या आणि त्यांवर फिरणारं हेड किती झिजलंय, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. ती नोंद डिस्क स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. डिस्क एकूण किती तास चालली, हेही तिथे कळतं. ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांचा आकडा शून्यावरून वर सरकू लागला, की पार्टिशनशी खेळ थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा.

‘फोटो डी ड्राइव्हवर आहेत, म्हणजे बॅकअप झालाच.’
सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कवर असतात. विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तर डी वाचतो, हे खरं. पण मोटर बंद पडली तर दोन्ही एकदमच जातात. बॅकअप हवा तर डिस्क वेगळीच लागते.

‘पार्टिशन डिलीट केलं, डेटा संपला.’
जुन्या एमबीआर पद्धतीत पार्टिशनांची नोंद पहिल्या सेक्टरातल्या फक्त ६४ बाईटांत मावते: १६ बाईटांची एक, अशा चार ओळी. म्हणून तर मुख्य पार्टिशनं चारच करता येतात. डिलीट केल्यावर पुसली जाते ती नोंद. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन कुठे जात नाही. चुकून डिलीट झालं असेल तर हीच गोष्ट पथ्यावर पडते. त्या डिस्कवर नवं काही लिहू नका, टेस्टडिस्कसारखा प्रोग्रॅम बहुतेकदा ते शोधून देतो. क्विक फॉरमॅटनंतरही जुन्या फायली बऱ्याच अंशी परत काढता येतात.

विकताना मात्र हेच अंगाशी येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक घरांतले डेस्कटॉप आता भंगारवाल्याकडे निघालेत. त्यांत आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं असणारच. विंडोज १० च्या ‘रिसेट’मध्ये सगळं काढून ड्राइव्ह पूर्ण पुसण्याचा पर्याय आहे; तो डीसह सर्व ड्राइव्हसाठी निवडा. तासन्‌तास लागतात, लागू द्या. एवढा वेळ नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि डबा तेवढा विका.