मधला बाण आणि भरभर चालणं

‘आता वय झालं, घरात बसा,’ असं आपण आजी-आजोबांना प्रेमानेच सांगतो. पण या सल्ल्यामुळे त्यांचं काय हुकतं, हे समजायला मेंदूवरचा एक प्रयोग पाहू.

आधी एरोबिक व्यायाम म्हणजे काय? भरभर चालणं, पोहणं, सायकल चालवणं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, तरी तो बराच वेळ चालू ठेवता येतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आर्थर क्रेमर, स्टॅन्ली कोलकम आणि सहकाऱ्यांनी फारसा व्यायाम न करणाऱ्या वयस्कर माणसांचे दोन गट केले. एक गट सहा महिने नियमित चालला. दुसऱ्याने तेवढेच दिवस अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

चाचणी दिसायला सोपी. पडद्यावर पाच बाण येतात, मधल्याची दिशा ओळखून बटण दाबायचं. पाचही एकाच दिशेला असले तर प्रश्नच नाही. पण शेजारचे चार उजवीकडे आणि मधला एकटा डावीकडे असला की बोट चुकीच्या बटणाकडे ओढलं जातं. हे चालू असताना एफएमआरआय यंत्राने मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपले.

चालणाऱ्यांचा सगळाच मेंदू जास्त काम करताना दिसेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणाऱ्या, कपाळामागच्या आणि माथ्याच्या भागांत काम वाढलं. ‘इथे गोंधळ होतोय’ अशी सूचना देणाऱ्या अँटीरियर सिंग्युलेट भागात मात्र ते कमी झालं. वर्गाचं लक्ष शिकवण्याकडे असलं की मॉनिटरला ओरडावं लागत नाही, तसंच काहीसं. आणि शेजारच्या बाणांमुळे होणारा गोंधळही या गटात कमी झाला.

२०११ साली १२० वयस्करांवरच्या दुसऱ्या प्रयोगात, वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. एरवी या वयात तो आक्रसत जातो.

आता दुसरी बाजू. २०२३ साली शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. निरोगी माणसांच्या बुद्धीला व्यायामाने होणारा फायदा त्यात फारच थोडा निघाला. म्हणजे ‘रोज धावा, हुशार व्हा’ ही जाहिरात झाली, विज्ञान नव्हे. संध्याकाळी फिरून आलो म्हणून आपले मार्क वाढतील, अशी आशा नको.

पण साठीनंतरचा मेंदूही बदलू शकतो, हे या प्रयोगांतून दिसलं, आणि त्यासाठी लागलं ते फक्त नियमित चालणं. तेव्हा आजींना घरात बसवण्याआधी, डॉक्टरांची ना नसेल तर, आपणच चपला घालून त्यांच्याबरोबर निघायला काय हरकत आहे?