निपाणीचा वाडा सगळे बघतात, वखार कोण बघतो?

निपाणीत इतिहास बघायला पाहुणा आला की आपण त्याला थेट निपाणकरांच्या वाड्याकडं नेतो. ते बरोबरच आहे. पण वाटेत जाड भिंतींच्या, बंद दारांच्या लांबलचक इमारती लागतात, त्या दिसल्या की 'ती होय, तंबाखूची वखार' म्हणत पुढं जातो. आजची निपाणी कळायची असेल तर खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं.

वाड्याची हकिकत थोडक्यात सांगतो. सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, हे पेशवाईच्या अखेरच्या काळातले बडे सरदार. चिकोडी-मनोळीवरून कोल्हापूरकरांशी त्यांचं जुनं वैर. १८३९ मध्ये ते वारले आणि औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी जहागीर खालसा केली. दरबार गेला, पेठ राहिली.

ती पेठ पुढं जगवली तंबाखूनं. विडीच्या तंबाखूसाठी देशात दोन मुलूख नावाजलेले, गुजरातेत चरोतर आणि इकडं वेदगंगा-दूधगंगेकाठचा आपला निपाणी भाग. शेतकरी शेतात पाला वाळवायचा, व्यापारी तो घेऊन वखारीत आणायचा. तिथं निवडणं, कुटणं, चाळणं, पोती भरणं. १९४३ मध्ये सरकारनं तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि वखारीला वेगळंच महत्त्व आलं. कर भरेपर्यंत माल परवानाधारक वखारीतच ठेवायचा, पोत्यापोत्याचा हिशेब द्यायचा. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ पर्यंत चालला. म्हणजे छत्तीस वर्षं ही इमारत व्यापाऱ्याचं गोदाम होती आणि सरकारच्या वसुलीची जागाही. मधेच १९५६ साली राज्य बदललं, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. वखारीतलं काम मात्र होतं तसंच.

आणि हे काम करायच्या मुख्यतः बायका. गावातल्या, आसपासच्या खेड्यांतल्या. नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर धुरळ्यात. खोकला हा जणू मजुरीचाच भाग! या बायकांच्या संघटनेवर आणि संपावर युगांतर या महिला गटानं 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट १९८२ साली केला. वखारीच्या आतलं जग बघायचं असेल तर तो मिळवून जरूर बघा.

त्याच्या आदल्या वर्षी शेतकरीही उठला होता. भाव व्यापारी ठरवणार, पैसे कधी द्यायचे तेही तोच ठरवणार, हे किती दिवस चालायचं? शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये हजारो शेतकरी पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. निपाणीचं नाव देशभर झालं ते तेव्हा, आणि तेही वखारीच्या भावावरून.

जागेला सोन्याचा भाव आलेल्या गावात रिकामी वखार किती दिवस उभी राहणार? वाड्याला निदान नाव आहे. म्हणून एक विनंती. ओळखीतली एखादी वखार असेल तर तिची लांबी-रुंदी मोजा, दाराचा, छपराचा फोटो काढा. आणि घरात वखारीत राबलेली आजी किंवा आत्ती असेल तर तिच्याजवळ बसून विचारा, कुठल्या वखारीत, कुठल्या कामाला, किती हजेरीवर जात होतीस. ती सांगेल तसंच, तिच्याच बोलीत लिहून ठेवा.