साइडकारला रिव्हर्स हवाच

मोटारसायकलला सहसा रिव्हर्स गिअर नसतो, कारण ते काम चालकाच्या पायांवर सोडलेले असते. न्यूट्रल करायचे, दोन्ही पाय टेकायचे आणि बसल्या जागेवरून गाडी मागे रेटायची. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या गाडीला सपाट जागेवर एवढे पुरते. साइडकार जोडली की हे गणित मोडते. वजन वाढते, तिसरे चाक बाजूला ओढ खाते, साइडकारच्या जोडदांड्या एका पायाच्या आड येतात आणि तो पाय नीट जोर लावू शकत नाही. आत माणूस बसलेला असेल, गाडीचे तोंड उताराकडे असेल आणि पुढे भिंत असेल, तर खाली उतरून ढकलण्यावाचून इलाज नाही. साइडकारच्या गाडीला रिव्हर्स बसवणे याकडे अनेक जण हौशी मिस्त्रीचा उद्योग म्हणून पाहतात. मला ते मूळ रचनेतली उणीव भरून काढणे वाटते. ज्याने तिसरे चाक लावले, त्यानेच मागे जाण्याची सोयही द्यायला हवी होती.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा दुसऱ्या महायुद्धातल्या दोन जर्मन गाड्यांत सापडतो. बीएमडब्ल्यू आर 75 आणि झुंडाप केएस 750 या दोन्ही गाड्या सैन्यासाठी सुरुवातीपासूनच तीनचाकी म्हणून आखल्या गेल्या. साइडकारच्या चाकालाही इंजिनची ताकद, डिफरन्शियल लॉक करण्याची सोय, चिखल-वाळूसाठी कमी वेगाचे गिअर आणि त्यांच्या जोडीला रिव्हर्स. आर 75 साइडकारसह 400 किलोंहून जड होती. तीन सैनिक आणि सामान लादलेली अशी गाडी वाळूत पायांनी मागे रेटता येणार नाही, हे आखणाऱ्यांना कागदावरच कळले होते. बीएमडब्ल्यूच्याच आधीच्या आर 71 वरून सोव्हिएत संघाने 1941 मध्ये एम 72 काढली. आर 71 ही मुळात दुचाकी, साइडकार तिला नंतर जोडायची. त्यामुळे एम 72 लाही रिव्हर्स मिळाला नाही. युद्धामुळे तिचा मॉस्कोतला कारखाना उराल पर्वताजवळच्या इर्बितला हलला आणि तिथून पुढे उराल गाड्यांची परंपरा सुरू झाली. कीवमध्ये बनणाऱ्या द्नेप्र साइडकार-गाड्यांना 1970 च्या दशकात रिव्हर्स आला, उरालला त्यानंतर. आजच्या उरालला चार गिअर पुढचे आणि एक मागचा. मधल्या काळात जुन्या गाड्यांच्या मालकांनी थोडाफार फेरफार करून आपल्या गाडीत रिव्हर्सवाला द्नेप्रचा गिअरबॉक्स बसवला. रोज गाडी वापरणारा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालून अख्खा गिअरबॉक्स बदलतो, तेव्हा त्याची अडचण खरी असते.

यंत्र म्हणून पाहिले तर मामला साधा आहे. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके उलटसुलट दिशांना फिरतात. त्यांच्या मध्ये तिसरे छोटे चाक सरकवले की शेवटच्या चाकाची दिशा पालटते. रिव्हर्स म्हणजे एवढेच छोटे चाक आणि त्याला आत-बाहेर सरकवणारा काटा. अडचण येते ती जागेची. बीएमडब्ल्यू किंवा उरालसारख्या गाड्यांत इंजिनच्या मागे वेगळा गिअरबॉक्स असतो आणि त्यातून निघालेला शाफ्ट मागच्या चाकाकडे जातो, म्हणून अख्खा डबाच बदलता येतो. चेनच्या गाडीत असे सहजी जमत नाही. तिथे गिअरबॉक्स आणि मागचे चाक यांच्या मध्ये दिशा पालटणारा वेगळा डबा बसवावा लागतो, आणि मग चेनचे वागणेही बदलते. एरवी चेनची वरची बाजू ताणाखाली असते आणि खालची सैल. मागे जाताना खालची ताणली जाते आणि वरची लोंबते. चेन आधीच ढिली असेल तर ती स्प्रॉकेटवरून उडी मारू शकते. तिसरा मार्ग विजेचा. होंडाने 1988 च्या गोल्ड विंग जीएल 1500 मध्ये गाडी मागे घेण्यासाठी स्टार्टरच्या मोटरचाच उपयोग केला. ही गाडी साइडकारविना दोन चाकांचीच होती, तरी सुमारे 360 किलो वजन पायांवर सोपवणे होंडालाही पटले नाही. सगळ्यांत धाडसी उपाय मेसरश्मिट केआर 200 या तीनचाकी छोट्या मोटारीचा. तिचे टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करता येई, म्हणून तिला पुढचे जितके गिअर तितकेच मागचे. युक्ती डोकेबाज खरी, पण मागे जाण्यासाठी चार गिअर कोणालाही लागत नाहीत.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो खोटा नाही. मोटारसायकलचे पुढचे चाक पुढे धावताना आपोआप सरळ राहील अशा कोनात बसवलेले असते. मागे जाताना तोच कोन उलटा पडतो आणि हँडल एका बाजूला कलंडू पाहते. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते. इंजिनचा जोर उजवीकडच्या चाकावर आणि ओढ डावीकडे, त्यामुळे मागे जाताना गाडीचे शेपूट साइडकारच्या बाजूला फिरते. ब्रेकचेही तेच. ड्रम ब्रेकमध्ये चाकाचे फिरणे एका शूला ड्रमवर आणखी दाबते. पुढच्या चाकात दोन्ही शू असा दाब घेणारे बसवलेले असतील, तर उलट फिरताना दोन्हींची पकड ढिली पडते आणि उतारावर नेमकी तीच हवी असते. यावरून रिव्हर्सच नको असे ठरत नाही. रिव्हर्स कसा हवा ते मात्र ठरते. तो पायी चालण्याच्या वेगाचा असावा, पायाच्या गिअरपासून त्याचा दांडा वेगळा असावा आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडूच नये. हातगिअरच्या ऑटोरिक्षात हे वर्षानुवर्षे चालत आले आहे: गिअर हँडलच्या मुठीत, रिव्हर्सचा दांडा निराळा. तो ओढायला मूठ सोडून हात मुद्दाम न्यावा लागतो, म्हणून चुकून रिव्हर्स पडत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा: रिव्हर्स आला की ती मोटारसायकल राहत नाही. ब्रिटनच्या कायद्याने एके काळी हीच रेघ खरोखर ओढली होती. तीनचाकीला रिव्हर्स नसेल तर ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. परवान्याची सोय म्हणून ही रेघ समजते. गाडीचा स्वभाव ठरवायला ती अपुरी आहे. मोटारसायकल वळणावर कलते. साइडकार जोडली की ते कलणे त्याच दिवशी संपते. स्वभाव बदलला तो तिसऱ्या चाकाने, आणि तो बदल मान्य करून वर रिव्हर्स नाकारण्यात मला तथ्य दिसत नाही.

या प्रश्नाची खरी धार मात्र साइडकारच्या हौशी मालकांपेक्षा आपल्या रस्त्यांवरच्या दुसऱ्या एका गाडीत जाणवते. दोन्ही बाजूंना जादा चाके लावलेल्या स्कूटर दिव्यांग माणसे रोज चालवतात. पाय टेकून गाडी मागे रेटायची हे गृहीत धरून केलेली रचना त्यांच्यासाठी पहिल्या पार्किंगलाच निरुपयोगी ठरते. पुढे भिंत, मागे उभ्या गाड्या आणि बाजूला कुणी नाही, तर इंजिन चालू असूनही माणूस अडकून बसतो. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, पण दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी मंजुरी घेऊन फेरफार करण्याची वेगळी वाट ते ठेवते. अशा स्कूटरना रिव्हर्सचा डबा बसवून मिळतो. त्याचा दांडा चालकाच्या हाताशी येतो. तो ओढला की मागून रेटा द्यायला कोणाला हाक मारावी लागत नाही.